पहिल्याच दिवशी डोळ्यांचा कॉल पाठवा : बालरोगतज्ज्ञ, बालअतिदक्षता आणि जळीत विभागातील डॉक्टरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी कॉर्निया (डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा) आणि डोळ्याच्या पृष्ठभागाच्या शस्त्रक्रिया करणारी नेत्रतज्ज्ञ आहे. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम किंवा टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे औषधाच्या किंवा संसर्गाच्या प्रतिक्रियेने अंगावरची त्वचा सोलून निघण्याचा आजार, झालेले मूल तुमच्या विभागात येते तेव्हा तुमच्यासमोर एकाच वेळी काय काय उभे असते, ते मी जवळून पाहते. श्वासमार्ग सांभाळायचा, सोलवटलेल्या अंगातून निघून जाणारे पाणी भरून काढायचे, संसर्ग रोखायचा, वेदना आटोक्यात ठेवायच्या, तोंडात फोड असताना पोटात काही कसे जाईल ते बघायचे. आधी जीव, मग बाकीचे, हा तुमचा क्रम बरोबरच आहे. त्यावर वाद घालायला मी हे पत्र लिहीत नाही.

पण या आजारात डोळ्यांचे काम मागे ठेवून चालत नाही. आजार सुरू झाल्यापासून पहिल्या पाच-सात दिवसांत जे साधते, ते दुसऱ्या महिन्यात कितीही कुशल हाताने साधत नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे : मूल दाखल झाले त्याच दिवशी डोळ्यांचा कॉल पाठवा, म्हणजे नेत्रतज्ज्ञाला तपासायला बोलवा, आणि त्या कॉलमध्ये ‘ॲम्निऑटिक मेम्ब्रेन (गर्भपिशवीचा आतला पापुद्रा) लावायची गरज आहे का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत लिहा.

हा प्रश्न तुम्ही लिहावा असे मी मुद्दाम म्हणते आहे. कॉल नुसता ‘डोळे लाल, कृपया पाहावे’ एवढाच असेल तर पुष्कळदा अँटिबायोटिकचे थेंब, स्टेरॉइडचे थेंब आणि वंगण लिहून दिले जाते, आणि पुढची तपासणी चार दिवसांनी होते. तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते.

त्या चार दिवसांत आत काय चालते ते सांगते. डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू यांवर कंजंक्टायव्हाचे नाजूक आवरण असते. अंगावरची त्वचा सुटते तसेच हे आवरणही सुटते. वरची पापणी आणि डोळा, दोन्हीकडचे मांस उघडे पडते, आणि दोन उघडे पृष्ठभाग एकमेकांना टेकून राहिले की चिकटतात. पापणीच्या कडेला जिथे केस उगवतात आणि तेलग्रंथींची तोंडे उघडतात, तिथली कड सोलली गेली तर ती नीट भरून येत नाही. तिच्यावर कोरडी, खरखरीत, कातडीसारखी त्वचा तयार होते. मग मूल दिवसभरात हजारो वेळा पापणी मिटते आणि प्रत्येक वेळी ती कड कॉर्नियावर घासते. त्यात अश्रूंचा थर बिघडलेला, पापण्यांचे केस आत वळलेले, आणि कॉर्नियाच्या कडेला म्हणजे लिंबसपाशी असलेल्या, कॉर्नियाचे आवरण पुन्हा घडवणाऱ्या मूळ पेशी दाहात जळून गेलेल्या. म्हणून आजार बरा होऊन मूल घरी गेले, त्वचा भरून आली, तरी डोळे पुढची कित्येक वर्षे बिघडत राहतात. माझ्याकडे ही मुले अशा अवस्थेत येतात : उजेडाकडे बघवत नाही, मान खाली, कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढलेल्या, शाळा सुटलेली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे कॉल लांबतो. त्वचेवर आजार किती पसरला आहे यावरून डोळ्यांचा अंदाज बांधता येत नाही. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी त्वचा सुटलेल्या मुलाचेही डोळे अतिगंभीर असू शकतात. मुलांमध्ये मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गानंतर जो प्रकार होतो त्यात तर अंगावर मोजकेच चट्टे असतात आणि सगळा मारा तोंड आणि डोळ्यांवर होतो. फिटचे औषध असो, सल्फा गटातले औषध असो की संसर्ग, कारण कोणतेही असले तरी डोळे स्वतंत्रपणे तपासावे लागतात. तेही फ्लुरोसिनचा पिवळा रंग टाकून (जखम असते तिथे तो रंग धरतो), निळ्या प्रकाशात, वरची पापणी उलटून. रडणाऱ्या, सुजलेल्या मुलाची वरची पापणी उलटणे सोपे नाही हे मला ठाऊक आहे. पण बघायचे असते ते नेमके तिथेच.

आता मेम्ब्रेनविषयी. आईच्या पोटात बाळ ज्या पिशवीत असते तिचा सर्वांत आतला, बाळाच्या बाजूचा पापुद्रा म्हणजे ॲम्निऑटिक मेम्ब्रेन. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, नसा नसतात. वर पेशींचा एकच थर, त्याखाली पेशींना आधार देणारा जाड पडदा म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, आणि त्याखाली सैलसर तंतूंचा थर म्हणजे स्ट्रोमा. बेसमेंट मेम्ब्रेनची घडण कंजंक्टायव्हाच्या बेसमेंट मेम्ब्रेनशी जुळती असल्याने डोळ्याच्या पेशी तिच्यावर सरकतात, टिकतात, वाढतात. स्ट्रोमा दाहाच्या पेशींना अडकवून ठेवतो आणि व्रण तयार करणाऱ्या पेशींना मिळणारा टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा संदेश दाबतो. याखेरीज दोन कच्च्या पृष्ठभागांमध्ये ती नुसती आडवी राहते हाही मोठाच उपयोग आहे. पापणी डोळ्याला टेकतच नाही. आणि शरीर तिला परके म्हणून सहसा झिडकारत नाही.

हे काही काल-परवाचे ज्ञान नाही. 1940 मध्ये डी रॉथ यांनी कंजंक्टायव्हा दुरुस्त करण्यासाठी गर्भावरणे वापरली, 1946 मध्ये सॉर्स्बी यांनी दाहक रसायनांनी भाजलेल्या डोळ्यांवर वाळवलेली मेम्ब्रेन लावली. मग पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा उपाय विस्मरणात गेला. 1995 मध्ये किम आणि सेंग यांनी सशांच्या डोळ्यांवर जतन केलेली मेम्ब्रेन लावून दाखवली आणि तिथून आजचा वापर सुरू झाला. 2002 मध्ये जॉन आणि सहकाऱ्यांनी टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसच्या तीव्र अवस्थेतला वापर नोंदवला.

तुमच्यापैकी अनेकजण पुरावा विचारतील आणि तो विचारायलाच हवा. दिल्लीच्या एम्समधून 2016 मध्ये एक यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेली) प्रसिद्ध झाली. तीव्र अवस्थेतले 25 रुग्ण, 50 डोळे. एका गटाला फक्त औषधे, दुसऱ्याला औषधे आणि मेम्ब्रेन. सहा महिन्यांनी मेम्ब्रेन लावलेल्या डोळ्यांची दृष्टी स्पष्टपणे चांगली होती आणि पापण्या चिकटणे, कॉर्निया धूसर होणे हे प्रकार कमी होते. चाचणी लहान आहे. पण आजार इतका दुर्मिळ आणि फरक इतका ठळक असताना मोठ्या चाचणीची वाट पाहत एखाद्या मुलाला मेम्ब्रेनशिवाय ठेवणे मला पटत नाही.

कोणाला लावायची यासाठी नेत्रतज्ज्ञ ग्रेगरी यांनी केलेली आजाराच्या तीव्रतेची वर्गवारी माझ्या मते पुरेशी सोपी आहे. पापणीच्या कडेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग रंगत असेल, कंजंक्टायव्हावरची जखम एक सेंटिमीटरहून मोठी असेल, किंवा कॉर्नियावर ठिपक्यांपलीकडे जाणारी जखम असेल, तर आजार गंभीर आणि मेम्ब्रेन तातडीने. सौम्य असेल तर थेंब चालतील, पण तपासणी रोज. कारण पहिल्या आठवड्यात डोळे एका दिवसात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. आज सौम्य लिहिलेले उद्या खरे राहील याची खात्री नसते.

मूल हलवायच्या अवस्थेत नाही, भूल देता येणार नाही, असे उत्तर मला नेहमी मिळते. त्यामागची काळजी खरी आहे, पण हे काम करायला मुलाला शस्त्रक्रियागृहात न्यावेच लागते असे नाही. सलाइनच्या नळीचा तुकडा मुलाच्या डोळ्याच्या खोबणीच्या मापाने कापून त्याचे कडे करायचे. मेम्ब्रेनचा एक मोठा अखंड तुकडा वरच्या पापणीच्या बाहेरच्या त्वचेवर सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवायचा, तो पापणीच्या कडेवरून आत घ्यायचा, कड्याच्या मदतीने वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात खोलवर बसवायचा आणि खालच्या पापणीच्या कडेवरून बाहेर आणून तिथेही चिकटवायचा. टाका एकही नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्या, आधीच झोपेचे औषध चालू असलेल्या मुलाच्या खाटेपाशी हे करता येते. आम्हाला तुमच्याकडून हवी असते ती थोडी वेदनाशामकाची मदत, मॉनिटरवर कोणाची तरी नजर आणि खाटेच्या डोक्याकडची जागा. जे मूल जागे आहे आणि सहकार्य करू शकत नाही, त्याला ड्रेसिंगसाठी झोपेचे औषध देणारच असाल, तर त्याच वेळी आम्हाला बोलवा. एकाच भुलीत दोन्ही कामे होतात.

तयार कड्यात बसवलेली मेम्ब्रेनही मिळते. ती घालायला सोपी आहे म्हणून तीच घालून काम झाले असे मानले जाते. पण ती फक्त कॉर्निया आणि त्याच्या आजूबाजूचा भाग झाकते. पापणीच्या कडा आणि खोल कोपरे उघडेच राहतात, आणि या आजारात पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात. शिवाय लहान मुलाच्या अरुंद खोबणीत ती नीट मावत नाही. दुसरे काहीच हाताशी नसेल तर जरूर घाला, पण ती पुरेशी नाही हे धरून चाला.

एकदा लावली की संपले असेही नाही. दाह जोरात असेल तर मेम्ब्रेन आठ-दहा दिवसांत विरघळते आणि तोवर जखमा भरल्या नसतील तर पुन्हा लावावी लागते. ही दुसरी खेप पहिल्या खेपेचे अपयश नव्हे, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

जळीत विभागातील सहकाऱ्यांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. चुना, अमोनिया, नाली साफ करायचा कॉस्टिक सोडा, कपडे धुण्याच्या द्रवाच्या पुड्या, ही लहान मुलांच्या डोळ्यांत जाणारी मुख्य रसायने. अमेरिकेत धुण्याच्या पुड्यांमुळे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांना झालेल्या इजांच्या नोंदी 2012 मध्ये 12 होत्या, 2015 मध्ये त्या 480 वर गेल्या. पुडी दाबली की फुटते आणि मुलाचा चेहरा तिच्या अगदी जवळ असतो. अशा मुलाच्या बाबतीत पहिले काम मेम्ब्रेनचे नाही, धुण्याचे. नाव-गाव लिहिण्याआधी, दृष्टी तपासण्याआधी, भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धुवा, पापण्या उलटून चुन्याचे कण काढा, डोळ्यातला पीएच (आम्ल-अल्कलीचे प्रमाण) सामान्य होईपर्यंत थांबू नका. चुना-सोड्यासारखी अल्कली आत मुरत राहते. तिथे प्रत्येक मिनिट मोजावे लागते.

त्यानंतर मेम्ब्रेन. इथे पुरावा स्टीव्हन्स-जॉन्सनइतका भक्कम नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत मध्यम भाजलेल्या डोळ्यांत जखम लवकर भरली, पण दूरच्या काळात दृष्टीत किंवा चिकटण्यात ठोस फरक दिसला नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन आढाव्यानेही निर्णायक पुरावा नसल्याचेच म्हटले. तरीही मुलांमध्ये मी ती लावते. जखम लवकर भरली की वेदना कमी होतात आणि मूल डोळा उघडू लागते. मोठ्या माणसाच्या बाबतीत आठवड्याभराचा फरक किरकोळ वाटेल. पाच वर्षांच्या मुलाचा डोळा आठ दिवस आधी उघडणे किरकोळ नाही. मात्र लिंबसचा रक्तपुरवठा पूर्ण गेलेला असेल तर एकटी मेम्ब्रेन तो डोळा वाचवत नाही. तिथे कंजंक्टायव्हाखालचे टेनॉनचे आवरण पुढे ओढून रक्तपुरवठा आणावा लागतो, आणि मेम्ब्रेन त्याच्या जोडीला.

मूल पाच वर्षांचे आहे हे मी उगाच म्हटले नाही. मोठ्या माणसाचा डोळा झाकला आणि महिन्याने उघडला तर तो पूर्वीसारखा पाहतो. मुलाच्या मेंदूत पाहण्याची घडण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालू असते, आणि त्या काळात डोळ्याला नीट प्रतिमा मिळाली नाही तर तो आळशी होतो; पुढे कॉर्निया काचेसारखा स्वच्छ केला तरी दिसत नाही. आता अडचण अशी की मेम्ब्रेन स्वतः धूसर असते. एका डोळ्यावर ती आठवडेच्या आठवडे राहिली, तर वाचवलेला डोळाच मागे पडू शकतो. म्हणून ती काढायची वेळ झाली की काढणे, चष्म्याचा नंबर लगेच तपासणे, गरज असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी सुरू करणे, हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे. मुलांमध्ये व्रणही जास्त जोरकस बनतात आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाबही मोठ्यांपेक्षा सहज चढतो. यासाठीच मुलांचा डोळा म्हणजे मोठ्यांच्या डोळ्याची लहान प्रत असे धरून चालत नाही.

उशिरा आलेल्या मुलांसाठीही मेम्ब्रेन उपयोगी पडते, त्याविषयी थोडक्यात लिहिते. चिकटलेली पापणी सोडवल्यावर उघडी पडलेली जागा झाकायला, लिंबसवरची जन्मजात डर्मॉइडची गाठ काढल्यावर, वसंत ऋतूच्या ॲलर्जीत कॉर्नियावर होणाऱ्या ढालीसारख्या जखमेवरचा चिवट थर खरवडल्यावर ती लावतात. मुलांमध्ये टाके काढायला पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणून शक्य तिथे फायब्रिन गोंद वापरणे बरे. एकाच डोळ्याच्या मूळ पेशी गेल्या असतील तर 2012 मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून संगवान आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ‘स्लेट’ ही पद्धत आहे : चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि आजारी डोळ्यावर पसरलेल्या मेम्ब्रेनवर ते गोंदाने बसवायचे. तिथून पेशी पसरतात आणि कॉर्नियावर नवे आवरण तयार होते. पण स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये दोन्ही डोळे जातात. उसना घ्यायला चांगला डोळाच उरत नाही. मी पहिल्या आठवड्यासाठी इतकी आग्रही आहे त्यामागे हे मुख्य कारण आहे.

रुग्णालयांचे प्रमुख आणि नेत्रपेढ्या यांनाही दोन शब्द. पहिल्याच दिवशी कॉल आला आणि फ्रीझरमध्ये मेम्ब्रेनच नसेल, तर या सगळ्या लिहिण्याचा उपयोग नाही. ती मिळवणे अवघड नाही. ठरवून केलेल्या सिझेरियनच्या वेळी, आईची आधी लेखी संमती घेऊन, वार निर्जंतुक पद्धतीने घेतली जाते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. मेम्ब्रेन तिच्या बाहेरच्या थरापासून, कोरियनपासून, वेगळी करून, अँटिबायोटिकच्या द्रावणात धुऊन, नायट्रोसेल्युलोज कागदावर पसरून ग्लिसरॉल मिसळलेल्या माध्यमात उणे 80 अंशांवर ठेवतात. सहा महिन्यांनी आईची रक्ततपासणी पुन्हा करून मगच ती वापरायला सोडतात. एका वारेतून अनेक तुकडे निघतात. जिथे असा फ्रीझर ठेवता येत नाही, तिथे सामान्य तापमानाला टिकणारी, वाळवून किरणांनी निर्जंतुक केलेली मेम्ब्रेन ठेवता येते. नेत्रपेढ्यांना माझी विनंती आहे की लहान लहान तुकड्यांबरोबर मोठे, अखंड तुकडेही जपून ठेवा. पापणीच्या बाहेरून बाहेरपर्यंत झाकायचे तर चार लहान तुकडे जोडून काम होत नाही.

संमतीच्या वेळी पालक विचारतात, दुसऱ्या बाईच्या वारेतली गोष्ट आमच्या लेकराच्या डोळ्यात कशी चालेल? घाईत ‘काही होत नाही, सही करा’ असे म्हणू नका. तपासण्या कोणत्या झाल्या, ती कायमची राहत नाही, काही दिवसांत विरघळते किंवा काढून टाकतो, तोवर डोळे झाकल्यासारखे दिसतील आणि मूल घाबरेल, हे सगळे बसून सांगा. दोन्ही डोळ्यांवर मेम्ब्रेन असलेल्या मुलाला समोरचे नीट दिसत नसते; आईचा आवाज आणि हात सतत जवळ असू द्या, अतिदक्षता विभागातही.

शेवटी तुमच्या रोजच्या तक्त्याविषयी. नाडी, रक्तदाब, लघवी यांच्या खाली डोळ्यांची एक ओळ छापून घ्या : आज रंग टाकून पाहिले का, पापणीची कड किती रंगली, मेम्ब्रेन जागेवर आहे का. नर्सनाही हे शिकवता येते. मेम्ब्रेन सरकली तर पहिल्यांदा त्यांनाच दिसते. आणि डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांची पुढची तपासणी ‘गरज वाटल्यास’ अशी लिहू नका. एका आठवड्याच्या आतली तारीख लिहा, त्यानंतर पहिले वर्षभर दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे आहे हेही लिहा, आणि मुलाची त्वचा पूर्ण भरली असली तरी यायचे आहे हे पालकांना तोंडी सांगा.

आपली,
कॉर्निया आणि डोळ्याच्या पृष्ठभागाच्या शस्त्रक्रिया करणारी एक नेत्रतज्ज्ञ